दुकानासमोरची धूळ

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

परवाचं चुकलंय. कॉलेजच्या प्रकल्पासाठी धुळीचा सात नंबरचा नमुना ‘जगनकाकांच्या बॅटरीच्या दुकानासमोर’ घेतला, असं मी लिहिलं. वाचणाऱ्याला वाटेल, दुकानाच्या पायरीशीच घेतला. तसं नाही! समोर म्हणजे समोरच्या बाजूला — रस्ता ओलांडून, मारुतीच्या कट्ट्यालगत. पायरीशी रिक्षा उभी होती, तिच्याखाली ब्रश जाईना. नमुन्याच्या पिशवीवरही ‘दुकानासमोर’ एवढंच लिहिलंय, आणि सरांना पाठवलेल्या तक्त्यातही तेच गेलंय.

ही वही वाचणार कोण? कोणीच नाही. पण सवय आहे, कुमुदआत्याने लावलेली. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. शाळेचं फाटक दिसलं की मी घराकडे पळत सुटायचे. आई-बाबा दोघं नोकरीला, मग आत्यानेच जेवणाच्या टेबलावर शिकवलं. तिचा पहिला नियम — चुकलेलं खोडरबराने घालवायचं नाही. वर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. ‘चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे, अरू.’

दिसतंय. उद्या सरांना सांगायचं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं. शैलेश सर हसले. ‘अगं अरुंधती, तुमची आळी केवढी! रस्ता ओलांडला की धूळ बदलते का?’

बदलत नसेल. सर म्हणतात म्हणजे नसेलच. तरी पिशवीवर बारीक अक्षरात ‘पलीकडची बाजू’ असं लिहून ठेवलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आपट्याला जाऊन आलो, मी आणि प्रकल्पातली माझी जोडीदार कोमल, तिच्या स्कूटरवरून. पनवेलच्या धुळीत शिसं-तांबं किती जास्त आहे हे कळायला एक साधी, गाड्या नसलेल्या गावातली धूळ हवी ना तुलनेला. कोमलचे मामा तिथे राहतात. तिने काल मामांना फोन करून ठेवला होता — ‘आम्ही रस्त्यावरची धूळ न्यायला येतोय.’

तिथे पोचलो तर रस्ता आरशासारखा! एक पदर खोचलेल्या आजीबाई, गुणाबाई नाव, हातात खराटा घेऊन उभ्या. वर सडा घातलेला. कडेला रांगोळी!!

‘तुमी कॉलेजच्या बाया येनार म्हनून सगला रस्ता झाडून काढला. आता बगा, कचऱ्याचा कन नाय!’

कोमल माझ्याकडे बघेना. बघितलं असतं तर दोघी फुटलो असतो. मी म्हटलं, ‘आजी, आम्हाला धूळच हवी होती.’

‘आँ? धूळ न्याला पनवेलशीन आलाव? पनवेलची सपली काय?’

मग त्यांनीच आम्हाला नदीकडच्या वळणावर नेलं. तिथे कोणी झाडत नाही. तिथली घेतली. परत येताना चहा, घावन आणि वर एक नारळ. नारळाची तक्त्यात नोंद नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कोमल म्हणते, ‘मुली पर्समध्ये लिपस्टिक ठेवतात. तू सुपली ठेवतेस.’ प्लास्टिकची आहे. धातूची चालत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सगळे नमुने चाळून झाले. चाळणी इतकी बारीक की मैद्यासारखी धूळ खाली पडते. शिंक दाबून धरावी लागते — एक शिंक आली की एसटी स्टँड गेलं!

घरी येताना जगनकाकांनी हाक मारली. ते मूळ उरणकडचे, घरची होडी होती. होड्यांच्या बॅटऱ्या नीट करता करता पनवेलला आले आणि रिक्षांच्या करायला लागले. मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा त्यांच्याच एका गिऱ्हाईक रिक्षावाल्याने सोडलं होतं, आणि मी रडत होते म्हणून काका स्वतः शेजारी बसून आले होते, हात काळे तसेच.

‘काय पोरी, रस्ता झाडतेस म्हनं? पगार देतात का?’

‘पदवी देतात, काका.’

‘मंग बेस हाय. झाडू मार.’

आत्या पलीकडे मारुतीला आली होती, शनिवार ना. तिने तिथूनच डोळे वटारले. भर रस्त्यात हसायचं नाही, असा एक नियम आहे. तो मी पाळत नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

बेलापूरच्या प्रयोगशाळेतून आकडे आले.

स्टँडबाहेर जस्त जास्त — टायर झिजतात त्याचं. महामार्गाच्या पुलाखाली तांबं — सगळे तिथेच ब्रेक दाबतात. हे सगळं पुस्तकात आहे तसंच. मला इतका आनंद झाला की कँटीनमध्ये कोमलला वडा दिला, माझाच.

मग सात नंबर. शिसं. आपट्याच्या जवळजवळ शंभरपट.

मी आकडा तीनदा बघितला. दशांश चिन्ह सरकलं असेल म्हणून प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आम्हीपण दोनदा लावून बघितला, मॅडम.’

पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं. मग आळीत कुठून? सर एका क्षणात म्हणाले, ‘बॅटरी. अजून काय?’ बॅटरीत शिसं असतं, हे खरं आहे. शिसं लहान मुलांच्या पोटात गेलं तर अभ्यासात मागे पडतात, रक्त कमी होतं. आमच्या आळीत मुलं रस्त्यावरच खेळतात. हेही खरं आहे.

मी म्हटलं, ‘सर, नमुना पायरीचा नाही, पलीकडचा —’ सर म्हणाले, ‘पलीकडे इतकं, तर पायरीशी किती असेल!’



शनिवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. आमचं पोस्टर लागलं. कोमलने आलेख काढला, सहा ठेंगणे खांब आणि सातवा चौकटीच्या बाहेर गेलेला. खाली ठळक अक्षरात: ‘बॅटरी दुकानासमोर’. मी ‘(पलीकडची बाजू)’ घालायला सांगितलं होतं. कोमल म्हणाली, जागा नव्हती.

खूप लोक आले. सर खूश. मला चौघांशी बोलावं लागलं, चौघांशीही ठीक बोलले! त्यातले एक आमचे प्रभाकरभाऊ — आळीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष, त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात आहे. त्यांनी सातव्या खांबाचा फोटो काढला. ‘आपल्या आळीचं नाव आलं!’ म्हणाले.

संध्याकाळी तो फोटो आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली लिहिलेलं: ‘सावधान! जगनच्या दुकानात विष!’ त्याखाली जोडलेले हात, रागावलेले चेहरे, आणि कोणीतरी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा.

जेवले नाही. आत्याला सांगितलं, पोट बिघडलंय. पोट ठीक आहे.

रविवार, १ मार्च

जगनकाका स्वतःच आले घरी. मी आत लपावं की बाहेर यावं ते ठरेपर्यंत ते सोफ्यावर बसलेसुद्धा. मोबाइल पुढे धरला.

‘माज्या दुकानाचा फोटू काडायचा तर खांब कशाला काडलास गं? माजा काडायचा. मी काय वाईट दिसतो?’

आई हसली. मला रडू आलं. ते म्हणाले, ‘अगं रडतेस काय! एक सांग. शिसा रस्त्यात टाकायला माजा डोका फिरलाय काय? जुनी बॅटरी अख्खी कंपनीला परत जाते. मी उगडत पन नाय.’

मी म्हटलं, ‘काका, मी तपासते. परत तपासते.’

‘तपास. झाडू हाय ना तुज्याकडं.’

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, ‘गोड बोलतो. पण मुलांचा प्रश्न आहे, अरू. आकडा खरा असेल तर मागे हटायचं नाही.’

आकडा खराच आहे. म्हणून तर परत तपासायचं!

मंगळवार, ३ मार्च

धुळवड. सगळ्यांना आज धूळ लागली. मला रोजच लागते.

शुक्रवार, ६ मार्च

मंडळाची बैठक, मारुतीशेजारच्या खोलीत. लिहिताना कान अजून गरम आहेत.

जगनकाकांच्या दुकानाचा गाळा देवस्थानचा आहे. प्रभाकरभाऊंनी मुद्दा मांडला — हनुमान जयंती दोन एप्रिलला, मंडप त्याच रस्त्यावर पडणार, शंभर मुलं प्रसादाला बसणार. तोपर्यंत जगनने गाळा रिकामा करावा. ‘माझं म्हणणं नाही हे. सायन्सने सिद्ध केलंय. आपल्याच आळीच्या मुलीने!’

सगळे माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने! शाळेचं फाटक दिसावं तसं झालं मला. तरी उभी राहिले. कशी राहिले कोण जाणे. म्हटलं, ‘एक दुरुस्ती आहे. नमुना दुकानासमोरचा आहे, पण समोरचा म्हणजे —’

‘समोरचाच! तेच म्हणतोय आपण,’ प्रभाकरभाऊ म्हणाले, आणि टाळ्या.

टाळ्या!!

बसले. जगनकाका माझ्याकडे बघत नव्हते, चपलांकडे बघत होते. एवढंच म्हणाले, ‘तीस वर्सं हाय मी हितं. बगा तुमी.’

घरी येताना आत्याने माझा हात धरला. ‘उभी राहिलीस, बरं केलंस. चौथीतल्या अरूला दाखवायला हवं होतं.’ ती इतकी खूश होती की तिला सांगता आलं नाही, मी उलट बोलायला उभी राहिले होते.

दोन एप्रिलच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर एका शब्दापायी माणूस आळीतून जाईल. आणि तो शब्द मी लिहिलाय.

शनिवार, ७ मार्च

कोमलला फोन केला. ‘उद्या सकाळी सुपली घेऊन ये.’ ती म्हणाली, ‘हे वाक्य मला आयुष्यात कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं.’

रविवार, ८ मार्च

दुकानाच्या पायरीपासून पलीकडच्या कट्ट्यापर्यंत सरळ रेघेत धूळ घेतली. पायरी, पायरीखालची फरशी, रस्त्याचा मध्य, पलीकडची कड, कट्ट्याचा पायथा. प्रत्येक पिशवीवर अंतर, दिशा, कोणाच्या घरासमोर आणि ‘समोर’ म्हणजे काय तेही!

सकाळी सकाळी रस्त्यात दोन मुली उकिडव्या बसल्यात म्हटल्यावर आळी थांबणारच.

‘काय हरवलं गं? कानातलं?’

‘अगं पनवेल साफ करायचं काम यांना मिळालंय.’

जगनकाकांनी रिक्षा स्वतः ढकलून बाजूला केली. बसायला स्टूल आणलं. मग म्हणाले, ‘थांब, पायरी पुसून देतो, मंग घे.’

‘नको!!’ आम्ही दोघी एकदमच ओरडलो. ते दचकले, मग हसायला लागले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा हसले.

बुधवार, ११ मार्च

नमुने बेलापूरला. आकडे यायला वेळ लागेल म्हणाले. गर्दी आहे.

शनिवार, १४ मार्च

हे नीट लिहायचं. सावकाश.

आत्या दर शनिवारी मारुतीसाठी शेंदूर कालवते. आजोबा कालवायचे, त्यांच्यानंतर तिने घेतलं. मूर्तीला हात लावायचा नाही, तो मान विठू गुरवाचा. पण कालवणं आत्याचं. पितळी वाटी, तेल आणि चार बोटं. आज मी शेजारी बसले होते, उगाच, आकड्यांची वाट बघवत नव्हती म्हणून.

आत्या नवी पुडी फोडत म्हणाली, ‘हल्ली शेंदूर पण नकली येतो. विटेची भुकटी. मी दुकानदाराला सांगून ठेवलंय, मला जुनाच दे. बघ, हातात घे. अस्सल शेंदूर चिमूटभर घेतला तरी जड लागतो.’

मी तळहात पुढे केला. खरंच जड. मला हसू आलं — जड! दिवसभर मी ‘जड धातू, जड धातू’ करते आणि घरातही —

आणि हसू तिथेच थांबलं.

अकरावीच्या पुस्तकात होतं. रेड लेड. शिशाचा लाल ऑक्साइड, रंगात वापरतात. सूत्र अजून पाठ आहे. आणि शेंदूर मला त्याआधीपासून माहीत, याच टेबलावर, आत्यानेच ‘श’पासूनचे शब्द लिहायला लावले तेव्हा — शहामृग, शिंपला, शेंदूर. एक शब्द मराठीत शिकले, एक इंग्रजीत. दोन्ही इतकी वर्षं माझ्याच डोक्यात राहिले आणि एकमेकांना भेटले नाहीत!

सगळे शेंदूर शिशाचे नसतात. पण जड असेल तो? आत्या निवडून आणते तो?

शेंदराचे पापुद्रे कट्ट्यावर पडतात. ते झाडून आत्या — आत्याच! — रस्त्याच्या कडेला लावते. पायदळी नको म्हणून कडेला.

मी म्हटलं, ‘आत्या, चिमूटभर दे ना.’ तिने आधी माझ्या कपाळाला लावला, मग कागदात बांधून दिला. प्रसाद म्हणून मागितला आणि नमुना म्हणून नेला. ही लबाडी आहे. नोंद.

कपाळ साबणाने दोनदा धुतलं. मग वाईट वाटलं.

सोमवार, १६ मार्च

पुडी बेलापूरला दिली. लेबलवर काय लिहू कळेना. ‘घर’ लिहिलं.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. आत्याचं श्रीखंड. दोनदा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं असतं.

खालच्या रस्त्यावर जगनकाकांनी दुकानाच्या पत्र्याला गुढी बांधली, मोठी, शेजारच्या सगळ्या गुढ्यांपेक्षा उंच. कोणीतरी म्हणालं, ‘जगन, जायच्या आधी एवढी उंच?’ ते म्हणाले, ‘जायचाच हाय तर दिसूनशी जातो.’ प्रभाकरभाऊंना पण कडुनिंबाची चटणी दिली त्यांनी, हातावर. प्रभाकरभाऊंनी खाल्ली. तोंड वाकडं झालं ते चटणीने की कशाने, सांगता येत नाही.

सोमवार, २३ मार्च

आकडे आले.

पायरीशी शिसं पनवेलच्या कुठल्याही बाजाररस्त्याएवढंच. मधे वाढतं. पलीकडच्या कडेला भरपूर. कट्ट्याच्या पायथ्याशी सात नंबरच्या दुप्पट. आणि ‘घर’ लिहिलेली पुडी — बाई फोनवर म्हणाल्या, ‘मॅडम, हे धूळ नाहीये. हे शिसंच आहे.’

आधी उडी मारली. खरंच मारली, कोमल साक्षीला आहे. जगनकाका सुटले!

मग आत्याची चार बोटं आठवली.

मंगळवार, २४ मार्च

सरांना सगळं दाखवलं. सरांनी आकडे पहिल्यापासून परत वाचले. मग म्हणाले, ‘बदलते गं. रस्ता ओलांडला की धूळ बदलते.’ स्वतःवरच हसले. मला सर आज फार आवडले.

त्यांनी लगेच मंडळाला पत्र लिहिलं, कॉलेजच्या कागदावर — पोस्टरवर जागा चुकीची समजली गेली, दुकानाच्या पायरीशी धोक्याइतकं शिसं नाही, जगन यांच्या व्यवसायाशी या आकड्याचा संबंध जोडू नये.

‘आणि उगम? तो पण लिहू?’

मी म्हटलं, ‘सर, तो आत्ता नको. मला आधी घरी बोलावं लागेल.’

‘घरी?’

सांगितलं. सर म्हणाले, ‘कधी सांगायचं ते तू ठरव. पण ठरव.’

बुधवार, २५ मार्च

पत्र वाचलं गेलं! प्रभाकरभाऊंनी स्वतः मोठ्याने वाचलं, शेवटी म्हणाले, ‘सायन्समध्ये असं होतं. प्रगती म्हणतात याला.’ गाळा राहिला. ग्रुपवर फुलंच फुलं. ज्याने ‘विष’ लिहिलं होतं त्याने ‘जगनशेठ आगे बढो’ लिहिलं.

जगनकाकांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. मला दोन. ‘तुजा झाडू बेस हाय पोरी.’ मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

‘पन मंग तो शिसा आला कुटनं?’ त्यांनी विचारलं.

‘अजून तपासते आहे, काका.’

आता हिशेब स्वतःशी. आत्या गेला आठवडाभर हनुमान जयंतीच्या तयारीत आहे. वर्षातला तिचा सर्वात मोठा दिवस. आज तिला कसं सांगू, की तू आजोबांचं म्हणून जे जपलंस तेच शिसं आहे? ती मानणार नाही असं नाही — मानेल, हीच भीती आहे. ती लगेच मानेल, आणि मग इतक्या वर्षांचे शनिवार आठवत बसेल. म्हणून जयंती होऊ दे. मग निवांत, दोघीच असताना, टेबलावर. शेंदूर सोडायचा नाही, फक्त बिनशिशाचा आणायचा, असं सांगेन. तोपर्यंत मी कट्टा स्वतः ओल्या फडक्याने पुसते. आज पुसला. आत्याला वाटलं, भक्ती वाढली.

कोणाचंच नुकसान झालं नाही. अर्धं सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

हे वरचं वाक्य दोनदा वाचलं. त्यावर रेघ मारावीशी वाटते आहे. राहू दे.

शुक्रवार, २७ मार्च

जगनकाकांनी मारुतीला नवस केला होता. आळ गेला तर नवा शेंदूर, डोक्यापासून पायापर्यंत. मला माहीतच नव्हतं! आज मोठ्या परातीत आणून कट्ट्यावर ठेवला, माझ्या आत्याच्या सांगण्यावरून, तिच्याच दुकानदाराकडून. आळीत सगळे म्हणतायत, मारुतीने जगनला सोडवलं. म्हणणारच. दुसरं कारण कोणी सांगितलंच नाही. काका इतके खूश आहेत की आळीतल्या सगळ्या पोरांना बोलावलंय — उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून हातांनी कालवायचा. बारक्यांनी आधी.

जयंतीनंतर नाही. टेबलावर नाही. दोघीच असताना नाही.

उद्या, शनिवार, २८ मार्च. कट्ट्यावर, सगळ्यांसमोर, तेल ओतायच्या आधी.